टाळीच्या आधी

सिग्नलवरचा माणूस लाल होता. हे मी नंतर ज्याला त्याला सांगत सुटले, जबाब द्यावा तसं, कुणी विचारलं नव्हतं तरी. माणूस लाल होता आणि मला तो लालच दिसत होता. डोळे शाबूत होते, डोक्यात प्रेमभंग वगैरे काही नव्हता. डोक्यात एवढंच होतं की दुकान उघडायला बारा मिनिटं उरलीत आणि किल्ली माझ्याकडे आहे. शेजारी एक आजोबा उभे होते, गळ्यात मफलर, हातात औषधांची पिशवी. मागे आठदहा माणसं. त्या सगळ्यांतून मी एकटीच, अगदी एकटीच, दोन पावलं रस्त्यात गेले. गेले म्हणजे चालत गेले नाही, सुटले. चवडा रेटून, खांदा पुढे टाकून, एक हात वर. बसचा आरसा केसांना चाटून गेला आणि कुणीतरी सॅकचा पट्टा धरून मला मागे खेचलं. मी फुटपाथवर बसकण मारली. पट्टा धरणाऱ्या बाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या, आणि घाबरल्यावर आया चिडतात तशा त्या चिडल्या होत्या. “एवढी कसली घाई आहे गं तुला?” त्या म्हणाल्या.

घाई हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरतात, त्यामुळे मला बस लागली नाही तेवढं ते लागलं. मी औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि आधी पाय तपासले. घोटा, गुडघा, मांडीच्या मागची शीर. आमच्या घरात पडल्यावर रडायच्या आधी पाय तपासतात, रडायला नंतर वेळ मिळतो. मंगळवार होता. रविवारी शंभर मीटरची निवड. आठ जणी धावणार, पहिल्या चौघी शिबिराला जाणार, पाचवीने घरी जायचं. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही, म्हणजे हीच काय ती संधी. आमच्या घरातलं कुणीच अजून त्या शिबिरापर्यंत पोचलेलं नाही, आणि आमच्या घरात न धावलेलं माणूस नाही. पाय ठीक होते. तेवढ्यात ते आजोबा माझ्याजवळ आले, त्यांची काही चूक नसताना दोनदा सॉरी म्हणाले, आणि निघताना त्यांनी नाकाने श्वास आत ओढला. सर्दी झालेल्या माणसाचं वाजतं तसं बारीक शिट्टीसारखं वाजलं. आणि माझी पोटरी उडाली. मी पोटरीकडे बघत राहिले. पोटरी माझी होती, पण तिने मला विचारलं नव्हतं.

मी बुटांच्या दुकानात काम करते. माणसं बसतात, मी खाली गुडघ्यावर बसून त्यांची पावलं मोजते. दिवसभर कुणाच्या तरी पायाशी बसायचं म्हणजे मान खाली घालून विचार करायला चांगली नोकरी. त्या दिवशी दहाव्या गिऱ्हाइकापर्यंत मी दोनदा चुकीचा नंबर काढून आणला आणि मालकीणबाईंनी, माझी तब्येत बरी आहे ना, असं ज्या आवाजात विचारलं त्यात तब्येतीची काळजी कमी होती. माझ्या डोक्यात कोचचा कागद फिरत होता. पंधरा दिवसांपूर्वीच्या शर्यतीचा. हल्ली सुटताना पाय टेकवायच्या ठोकळ्यांनाच यंत्र लावतात. बंदूक वाजल्यापासून पाय ठोकळा सोडेपर्यंत किती वेळ गेला ते कागदावर छापून येतं. आठ जणींत माझा आकडा सगळ्यात वाईट होता. नुसता वाईट नाही, लाज वाटावी असा. कोच म्हणजे शब्द मोजून बोलणारी बाई, तिने कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “बाकीच्या बंदूक ऐकून निघतात. तू कुणाची वाट बघतेस?” मग तिने मला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. खरंच पाठवलं. मी एका काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून अर्धा तास बसले, आवाज आला की बटण दाबायचं, आणि डॉक्टर शेवटी म्हणाले की असे कान त्यांनी वर्षभरात बघितले नाहीत, मुंगी चालली तरी ऐकू येईल. मी तो रिपोर्ट कोचला दिला. तिने तो घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या मुलीला हाक मारली, ते जास्त वाईट होतं.

घरी मी आकड्याचं सांगितलं नव्हतं. सांगून कुणाचा विश्वासच बसला नसता. सुटणं ही आमच्या घरची मिरवायची गोष्ट. बाबा शाळेत खेळाचे शिक्षक, आई एके काळची अडथळ्यांवरून धावणारी. अजूनही उंबऱ्यावरून जाताना तिचा पुढचा पाय गरजेपेक्षा वर उचलला जातो. दादा आणि मी शाळेच्या हॉलमध्ये वाढलो असं म्हटलं तरी चालेल. तीस मीटर लांबीचा हॉल, फरशी गार, एका टोकाला गाद्यांचा ढीग, आपटायला. सकाळी शाळा भरायच्या आधी एक तास तो आमचा. बाबा पाठीमागे उभे, हातात दोन फळ्या. मोडलेल्या बाकाच्या, एका बाजूला चामड्याची पट्टी ठोकून बिजागरीसारख्या केलेल्या. ऑन युअर मार्क. सेट. आणि मग फळ्यांची टाळी. “बघायचं नाही, विचार करायचा नाही, ऐकायचं,” हे मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. आणि बाबांचं नाक. तरुणपणी फितीवर झेप घेताना ते तोंडावर आपटले होते, तेव्हापासून ते डावीकडे झुकलेलं, आणि श्वास आत घेतला की शिट्टी. आई म्हणते, लग्नानंतर महिनाभर तिला वाटायचं खिडकीची फट राहिलीये. त्या नाकावर बाबा माशी बसू देत नाहीत, पण शिट्टीबद्दल आम्ही कितीही चिडवलं तरी चालायचं. आता, दुकानात, एका बाईंचं पाऊल माझ्या हातात असताना, मला तो हॉल पुन्हा ऐकू आला. सेट. मग शांतता. मग शिट्टी. मग टाळी. दर वेळी. जोरात टाळी वाजवायची म्हणून बाबा आधी छातीत हवा भरून घ्यायचे, माणूस ओझं उचलताना घेतो तशी. पंधरा वर्षांत ती शिट्टी एकदाही चुकली नव्हती. त्यांनी सांगितलं ऐका, आम्ही ऐकलं. त्यांना वाटलं त्यापेक्षा जरा जास्तच ऐकलं. बाईंनी विचारलं, झालं का मोजून? मी त्यांचं पाऊल घट्ट धरून ठेवलं होतं.

म्हणजे मी टाळीवर कधी सुटलेच नव्हते. शिट्टीपासून टाळीपर्यंत मधे इतका थोडा वेळ जायचा की शिट्टीवर निघालेला पाय बरोब्बर टाळीवर ठोकळा सोडायचा, आणि मागे उभ्या असलेल्या बाबांना वाटायचं, काय पोरगी आहे, आवाज आणि पाय एकत्र. शाळेच्या स्पर्धांत शर्यत सोडणारा स्टार्टर म्हणजे तेच, तिथे आम्ही जिंकणारच. मोठ्या मैदानावर आवाज ठोकळ्यामागच्या स्पीकरमधून येतो, आणि स्पीकरला नाक नसतं. तिथे मी शिट्टीची वाट बघत बसते, ती येत नाही, सगळ्या निघाल्या की जागी होते आणि उरलेली शर्यत त्यांना गाठण्यात घालवते. घरात याचंही कौतुक झालं होतं. ही शेवटच्या चाळीस मीटरची, असं बाबा लोकांना सांगायचे. एवढ्यावर मला हसू आलं असतं. पण मग दादा आठवला, आणि मी ते पाऊल सोडून उठले.

सहा वर्षांपूर्वी दादाची हीच निवड होती. दादा माझ्यापेक्षा वेगवान होता, हे प्रेमाने म्हणत नाहीये, घड्याळाने म्हणतेय. ते मैदान जुनं, तिथे स्पीकर नव्हते. स्टार्टर आतल्या बाजूला एका स्टुलावर उभा, दादा पहिल्या लेनमध्ये, म्हणजे त्याच्या हाताच्या अंतरावर. स्टार्टरला सर्दी झाली होती. हे मला आठवतंय कारण तो सारखा रुमाल काढत होता आणि आम्ही वर गॅलरीत बसून हसत होतो. सेट म्हणाला, सगळे वर झाले, आणि एकटा दादा निघाला. थोडाथोडका नाही, चांगला दहा मीटर जाऊन थांबला आणि मागे वळून बघायला लागला, बाकीचे का नाही आले म्हणून. एकदा चुकलं की बाद, नियम तसाच आहे. लाल कार्ड त्याच्यासमोर धरलं तेव्हा त्याचा चेहरा, ज्याच्या खिशात दुसऱ्याचं पाकीट सापडलंय पण त्याने चोरलेलं नाही, अशा माणसासारखा झाला होता. बसमध्ये बाबा तासभर खिडकीबाहेर बघत होते. उतरायच्या आधी एकच शब्द बोलले. घाई. आणि तो शब्द मग घरात राहायलाच आला. दादाच्या हातून दूध उतू गेलं, घाई. परीक्षेत नापास झाला, घाई. दादाने धावणं सोडलं, लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकला, कंपनीजवळ खोली घेऊन राहिला. पंधरा दिवसांतून एकदा जेवायला येतो, बाबा आणि तो पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल बोलतात, मग तो जातो. आणि ज्याला सगळे घाईचा म्हणतात तो माझा भाऊ दारात कुणीही दिसलं की थांबतो. आधी तुम्ही. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण गर्दी असली तर तीन लिफ्ट सोडून देतो. एक मुलगी त्याला आवडायची, चार वर्षं तो तिला विचारायचं म्हणत होता, शेवटी तिने कंटाळून दुसऱ्याशी लग्न केलं. त्याही लग्नाला तो गेला आणि जेवायच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहिला.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला शोधत गेले. एका ऑफिसच्या इमारतीत, तळमजल्यावर, लिफ्टचं दार उघडं, समोर पिवळी पाटी, आणि दादा आत गुडघ्यांवर बसून बटणांची पेटी खोलत होता. त्याने न वळता ओळखलं. माझ्या चालीवरून, म्हणाला. कशी काय आलीस, पैसे हवेत का, जेवलीस का, हे सगळं तो पेटीलाच विचारत होता. मी सिग्नलचं सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि वेगळंच केलं. मी त्याच्या मागे उभी राहिले, बाबांसारखी, आणि म्हणाले, “सेट.” तो हसला असणार, त्याची मान हलली. मग मी नाकपुडी दाबून नाकाने श्वास ओढला, बारीक, शिट्टी वाजेल असा. दादाचा स्क्रूड्रायव्हर हातातून उडाला. त्याचा उजवा पाय मागे रेटला गेला, खांदा पुढे गेला आणि कपाळ लिफ्टच्या पत्र्यावर आपटलं. लिफ्टमधला छोटा पंखा फिरत होता. दादा कपाळ चोळत बराच वेळ त्या पत्र्याकडे बघत बसला. मी त्याला सिग्नल, कोचचा कागद, कानाचा डॉक्टर, सगळं सांगितलं. तो मधे एकदाच बोलला, त्या स्टार्टरला सर्दी होती, एवढं म्हणाला, आणि ते मला सांगण्यासाठी नव्हतं. मला वाटलं होतं तो चिडेल किंवा रडेल. तो वाकून स्क्रू गोळा करायला लागला. एकेक स्क्रू उचलून तळहातावर ठेवत होता. मग म्हणाला, “बाबांना सांगू नकोस.”

मी म्हटलं, रविवारी माझी निवड आहे. तो म्हणाला, माहीत आहे. मी म्हटलं, ज्यांनी शिकवलं त्यांच्याच समोर बसून ते मोडावं लागेल, दुसरा मार्ग नाही, कोचकडे आता वेळ नाही. तर तो म्हणाला, कानात कापूस घाल, गाणी ऐक, काहीही कर, पण हे त्यांना कळू देऊ नकोस. त्यांनी सहा वर्षं मला एक शब्द चिकटवलाय, मला त्याची सवय झालीये, त्यांना या वयात नवीन शब्दाची सवय व्हायची नाही. हे त्याने इतकं साधेपणाने सांगितलं की मला त्याचा भयंकर राग आला. मी त्याला म्हटलं की तू मूर्ख आहेस. त्याने मान हलवली. मग लिफ्ट चालू करून मला तिसऱ्या मजल्यापर्यंत नेऊन आणलं, लहानपणी सायकलवरून चक्कर मारायचा तसं, आणि दारातून मला आधी बाहेर जाऊ दिलं.

त्या रात्री मी जेवताना बाबांच्या नाकाकडे बघत होते. बाबा मजेत होते. रविवारसाठी त्यांनी शर्टाला इस्त्री केली होती, मंगळवारीच. माझ्यासाठी नवीन स्पाइकचे बूट आणले होते आणि मी दुकानात काम करत असून दुसऱ्या दुकानातून आणले होते, मला कळू नये म्हणून. ते पाण्याचा घोट घेत, नाक वाजायचं, आणि टेबलाखाली माझी पोटरी उडायची. किती छान वाटतं घरी, असं आपण म्हणतो. आणि मला त्या घरात बसून वाटत होतं की ह्या एका माणसाने प्रेमाने, रोज पहाटे उठून, गार फरशीवर अनवाणी उभं राहून, आमच्या दोघांच्या पायांत एक खोटा आवाज भरून ठेवलाय. त्यांना दोष द्यावा तर कशाचा? श्वास घेतल्याचा? आई माझं ताट बघत होती. तुझं काहीतरी बिनसलंय, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, उद्या हॉलवर तू पण ये. आई हॉलवर येऊन दहा वर्षं झाली असतील. तिने कारण विचारलं नाही.

सकाळी हॉलमध्ये गादीचा तोच वास, फरशीचा तोच गारवा. मी ठरवलं होतं की सांगायचं नाही. दादाला शब्द दिला नव्हता, पण दिल्यासारखाच होता. म्हणून बाबांना म्हटलं की आज फळ्या आईला देऊ, नुसता बदल म्हणून. बाबांना ते आवडलं नाही. “माझ्या हाताला काय झालंय?” असं म्हणत त्यांनी फळ्या दिल्या. आई मागे उभी राहिली. सेट. टाळी वाजली. मी तशीच. बाजूच्या भिंतीवरून आवाज परत आला तेव्हा मी निघाले. पुन्हा. पुन्हा तसंच. चौथ्यांदा तर मी चक्क मान वळवून मागे बघितलं. बाबा म्हणाले की तुझ्या आईला वाजवता येत नाही, फळ्या घेतल्या, मागे उभे राहिले. सेट. शिट्टी. मी गेले, आणि इतकी सुंदर गेले की गाद्यांवर आपटून परत आले. ते हसत होते. त्यांना इतकं हसताना बघून मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. आणि तेव्हा आई बोलली. आवाज न चढवता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी. “ती टाळीवर नाही सुटत हो. तुमचं नाक वाजलं की सुटते.”

बाबांनी आधी तिला वेड्यात काढलं. मग मला विचारलं. मी नाडीकडे बघत होते. मग ते शिक्षक झाले. कुठलीही गोष्ट दोनदा करून बघितल्याशिवाय मान्य करायची नाही. मला ठोकळ्यावर बसवलं, सेट म्हणाले, आणि मला मागे काहीच ऐकू आलं नाही, कारण त्यांनी तोंड उघडं ठेवून श्वास घेतला होता. टाळी वाजली. मी तिथेच. नंतर नाकाने घेतला आणि टाळी वाजवलीच नाही. मी अर्धा हॉल पळून गेले होते, एकटीच, मागे वळून बघत. वळले तेव्हा बाबा फळ्या हातात घेऊन उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बघत होते, दहा मीटरवर थांबून मागे वळलेल्या. मला वाटलं ते रविवारचं विचारतील, आता चार दिवसांत काय करायचं ते. ते गाद्यांपाशी गेले, बसले. फळ्या मांडीवर. मग आईला विचारलं, “त्याची लेन पहिली होती ना गं?”

आई हो म्हणाली. त्या दिवशी शाळेत बाबांनी एकही तास घेतला नाही, हे मला नंतर शिपायाकडून कळलं. संध्याकाळी ते फोन हातात घेऊन बसले, नंबर काढला, ठेवला, पुन्हा काढला. शेवटी लावला तेव्हा हॉलमधला पंखा बिघडलाय, उद्या सकाळी येऊन बघशील का, असं म्हणाले. आमच्या हॉलमध्ये पंखा नाही. ते दादाला माहीत आहे, त्याने तिथे आयुष्याची बारा वर्षं घाम गाळलाय. मी काही सांगितलं का, हे त्याने विचारलं असेल किंवा नसेलही; मला एवढंच ऐकू आलं की बाबा म्हणाले, सहा वाजता, घा... आणि तिथेच थांबले. घाई करू नकोस, असं ते सवयीने म्हणणार होते. सावकाश ये, म्हणाले. आणि फोन ठेवल्यावरही बराच वेळ तो हातातच धरून बसले.

दादा आला, कंपनीचा निळा डगला घालून, कपाळावर टेंगूळ. त्याने मला बघून डोळे मोठे केले, मी डोळ्यांनीच सांगितलं की मी नाही सांगितलं. बाबा त्याच्याजवळ गेले आणि फळ्या त्याच्यापुढे धरल्या. म्हणाले, रविवारपर्यंत हिला तू सोडायचं. तुझं नाक सरळ आहे. मग वळून चालायला लागले, हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे, तीस मीटर. तिथून त्यांचा श्वास ऐकू येणार नव्हता. पण निम्म्यावर गेल्यावर ते थांबले. पाठमोरेच होते. “तुझी घाई नव्हती,” ते म्हणाले. “माझं नाक होतं ते.” हॉल रिकामा असला की आवाज घुमतो, त्यामुळे ते दोनदा म्हटल्यासारखं झालं. दादाने फळ्या उघडल्या, मिटल्या, चामड्याची पट्टी चाचपली. मला वाटलं तो म्हणेल, असू दे बाबा. तो तसा आहे. पण या वेळी नाही. त्याने बाबांचं ते वाक्य ठेवून घेतलं. मला म्हणाला, बस ठोकळ्यावर. सेट म्हणाला, आणि मग मुद्दाम कधी पटकन, कधी मी थरथरायला लागेपर्यंत थांबून, कधी टाळी न वाजवताच, त्याने मला तीन दिवस सकाळ-संध्याकाळ असं छळलं की मी त्याला हव्या त्या शिव्या दिल्या. पहिल्या दिवशी मी पंचवीसदा उशिरा सुटले. शनिवारी तीनदा. शिट्टीची जागा रिकामी व्हायला लागली होती. तिथे आधी भीती होती, मग नुसती शांतता. शनिवारी हॉलमधून निघताना बाबा दारात थांबले आणि दादाला म्हणाले, जा. दादा सवयीने म्हणाला, आधी तुम्ही. बाबा जागचे हलले नाहीत. दोघेही तिथे उभे, मागे आई आणि मी खोळंबलेलो. मग दादा गेला.

रविवारी मला चौथी लेन मिळाली. ठोकळे लावून झाले, मी उभी राहून पाय झटकले आणि न बघायचं ठरवून वर बघितलं. ते सुरुवातीच्या बाजूलाच बसले होते, शंभर पावलांवर, मधे दोन जाळ्या आणि कितीतरी माणसं. आई, मग बाबा इस्त्रीच्या शर्टात, मग दादा. आणि बाबांनी अंगठा आणि एका बोटाने स्वतःचं नाक घट्ट दाबून धरलं होतं. एवढ्या लांबून. स्पीकर असताना. मला हसायला आलं, आणि मग मी खाली वाकले. ऑन युअर मार्क. बोटं रेषेमागे. सेट. कुठूनही काही आलं नाही. बंदूक वाजली तेव्हा मी तिथे होते आणि मग तिथे नव्हते. पुढचं मला नीट आठवत नाही. कागदावर माझा सुटण्याचा आकडा आठ जणींत दुसरा होता, आणि मी चौथी आले. शेवटच्या चाळीस मीटरमध्ये दोघींनी मला मागे टाकलं, ही गंमत बघा, पण चौथी आले. कोचने खिशातून कानाचा रिपोर्ट काढून मला परत दिला.

वर गॅलरीत काय झालं ते मला आईने सांगितलं, रात्री, माझ्या पायांना तेल लावताना. मी वाकले तेव्हापासून बाबांनी नाक सोडलंच नव्हतं. बंदूक झाली, शर्यत झाली, लोक उठून उभे राहिले, बोर्डावर नावं यायला लागली, आणि बाबा तसेच बसलेले, डोळे मिटून, चेहरा लाल, तोंडसुद्धा बंद. आई घाबरली. मग दादाने त्यांचं मनगट धरलं आणि हळूच हात खाली घेतला.

“सोडा आता, बाबा,” तो म्हणाला. “पोचली ती.”